विंडोजवरचं नकाशांचं सॉफ्टवेअर लिनक्स आणि मॅकवर न्यायचंय : ग्राफिक्स लायब्ररी कोणती घ्यावी?

सरळरेघ

नमस्कार मंडळी. आमचं सी++ मध्ये लिहिलेलं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. मोजणीचे बिंदू वाचायचे, त्यावरून समोच्च रेषा काढायच्या, नावं टाकायची आणि नकाशा छापायचा, एवढं त्याचं काम. सगळा डोलारा थेट विन३२ वर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनांवर, उभा आहे. खिडक्या आणि मेनू तिथलेच, रेखाटन जीडीआय या विंडोजच्या जुन्या द्विमित भागातून. जमिनीचा उंचसखलपणा फिरवून बघायला एक त्रिमित खिडकी आहे, ती डायरेक्टथ्रीडी ९ या विंडोजच्या त्रिमित भागावर.

वापरणाऱ्यांकडून लिनक्स आणि मॅकची मागणी सतत येते आहे. गणिताचा भाग स्वच्छ आहे, जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपाइलरवर मुकाट्याने कंपाइल होतो. गाडी अडली आहे ती चित्रावर. टीममध्ये तीन मतं आहेत : एकाला क्यूटी हवं, दुसऱ्याला एसडीएल आणि त्रिमित रेखाटनाला ओपनजीएल, तिसरा म्हणतो की आता नव्याने लिहायचंच तर सरळ व्हल्कन घ्या.

अटी सांगतो. छपाई आणि पीडीएफ चोख हवं. नकाशावर मराठी नावं असतात. सॉफ्टवेअर विकत दिलं जातं, सोर्स खुला नाही. आणि विंडोजची आवृत्ती बंद पडता कामा नये. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खटपट्या

तीन पर्याय म्हणून जे लिहिलंय ते एकमेकांचे पर्यायच नाहीत, त्यामुळे मतं जुळणार नाहीत. "ग्राफिक्स लायब्ररी" या नावाखाली चार निरनिराळी कामं येतात : खिडकी उघडून माऊस-कीबोर्ड ऐकणं, द्विमित रेखाटन, त्रिमित रेखाटन आणि मजकूर. क्यूटी चारही करतं. एसडीएल मुख्यतः पहिलं काम करतं. व्हल्कन फक्त ग्राफिक्स कार्डाशी बोलतं. रेघ, फाँट, मेनू यातलं त्याला काही ठाऊक नाही.

एसडीएलचा स्वतःचा रेंडरर आहे, पण त्याचा आवाका लहान. आयत, चित्रं आणि २.०.१८ पासून त्रिकोण. रेघेची जाडी ठरवता येत नाही, तुटक रेघ नाही, वक्र नाही. खेळासाठी ते पुरतं, कारण खेळात बहुतेक सगळं चित्रांनीच बनतं. समोच्च रेषांच्या नकाशाला पुरणार नाही. वर स्किया किंवा कैरो अशी द्विमित रेखाटनाची लायब्ररी बसवावी लागेल आणि मेनू, फाइल निवडण्याच्या चौकटी, छपाई हे सगळं तुमच्या अंगावर येईल.

लायब्ररीचं नंतर बघू. आधी सांगा, जीडीआय तुमच्या कोडमध्ये किती पसरलंय? सगळ्या फायलींमध्ये 'एचडीसी' (कुठे रेखाटायचं ते जीडीआयला सांगणारं हँडल) शोधा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

सरळरेघ

शोधलं. जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये आहे. बिंदू, रेषा, नाव, चौकट, प्रत्येक क्लासला स्वतःचं 'ड्रॉ' फंक्शन आहे आणि प्रत्येकाला एचडीसी मिळतो. काही ठिकाणी रेषेची लांबी मोजणाऱ्या फंक्शनमध्येही पेन निवडलेलं दिसलं. माऊस ओढताना दिसणारी निवडीची चौकट एक्सऑरने, म्हणजे खालचे रंग उलटवून, काढली आहे.

जुनाखिळा

मग लायब्ररी निवडायची घाई करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. लायब्ररी चुकली तर एक थर बदलावा लागतो. थरच नसेल तर पुढच्या वेळीही सगळा कोड उकलावा लागेल.

आधी विंडोजवरच एक पातळ वर्ग लिहा. नाव काहीही द्या, समजा 'फलक'. त्यात तुमच्या नकाशाला लागतं तेवढंच ठेवा : बहुरेषा काढ, भरलेला बहुभुज काढ, मजकूर लिही, मजकुराची रुंदी सांग, चित्र ठेव, कापणीची सीमा लाव. आतून तो जीडीआयच वापरू दे. मग एकेक फाइल घेऊन एचडीसीच्या जागी फलक घाला. या सगळ्या काळात सॉफ्टवेअर रोज चालू राहतं, ग्राहकाला फरक कळत नाही आणि काम मध्येच थांबवावं लागलं तरी काही मोडत नाही. शेवटी एचडीसी हा शब्द एकाच फाइलमध्ये उरला की मग लायब्ररीचा विषय काढा. तोवर तुम्हाला नक्की काय हवंय हे त्या वर्गाकडे बघूनच कळेल.

फलक लिहिताना एक पथ्य पाळा. जीडीआयची फंक्शनं जशीच्या तशी नव्या नावाने उतरवू नका. 'पेन निवड, मग रेघ ओढ, मग जुनं पेन परत ठेव' हा जीडीआयचा स्वभाव आहे. तुमच्या फलकात रेघेबरोबरच तिचा रंग आणि जाडी जावी. निवडलेल्या पेनाची आठवण ठेवणारा कोड दुसऱ्या लायब्ररीवर नेताना रडवतो.

आता जीडीआयच्या अशा सवयी सांगतो ज्या कुठल्याच नव्या लायब्ररीत तशाच मिळणार नाहीत.

'लाइनटू' शेवटचा पिक्सेल काढत नाही. (१०, १०) पासून (२०, १०) पर्यंत रेघ सांगितली तर २० वा पिक्सेल कोरा राहतो. 'रेक्टँगल'चंही तसंच, उजवी आणि खालची कड तो सोडतो. क्यूटीच्या 'ड्रॉरेक्ट'ला तीच रुंदी दिलीत तर एका पिक्सेलच्या पेनाने आलेला आयत एक पिक्सेल रुंद आणि एक पिक्सेल उंच भरतो. एकट्या आयतात हे दिसत नाही, पण शेजारीशेजारी चौकोन मांडलेली सूची असली की कडा एकमेकांवर चढतात.

दुसरं, जीडीआयमध्ये सहनिर्देशक म्हणजे पिक्सेल. कैरोत, मॅकच्या क्वार्ट्‌झमध्ये आणि कडा मऊ करणं चालू असताना क्यूटीतही, पूर्णांक सहनिर्देशक दोन पिक्सेलांच्या मधल्या सीमेवर पडतो. तिथे एक पिक्सेल जाडीची काळी रेघ ओढली की ती दोन पिक्सेलांत निम्मी निम्मी वाटली जाते आणि करडी, फुगलेली दिसते. सरळ आडव्या-उभ्या रेघांना अर्ध्या पिक्सेलने सरकवलं की त्या पुन्हा तलवारीसारख्या येतात. हे सरकवणं फलकाच्या आत करा, नकाशाच्या कोडमध्ये नको.

तिसरं, एक्सऑरची चौकट. ती विसराच. एकदा काढली की दिसते, पुन्हा काढली की पुसते, ही युक्ती पडद्यावर थेट लिहिता येत होतं तेव्हाची. आता मॅकवर आणि लिनक्सच्या वेलँड या पडदा-व्यवस्थेवर प्रत्येक खिडकी आपापल्या बफरमध्ये रंगते आणि कंपोझिटर त्या एकत्र करतो. नकाशा एका चित्रात साठवून ठेवा, दर वेळी ते चित्र मांडा आणि वर चौकट काढा. क्यूटीत त्यासाठी 'क्यूरबरबँड' तयारच आहे.

चौथं, बिटमॅप. विंडोजचा डिब (बिटमॅपचा तिथला साचा) खालून वर साठवलेला असतो, रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने, आणि प्रत्येक ओळ ४ बाइटांच्या पटीत भरलेली. २४ बिटांच्या चित्राची रुंदी ४ च्या पटीत नसेल आणि ओळीची खरी लांबी लक्षात घेतली नसेल, तर चित्र तिरकं ओघळल्यासारखं दिसतं. तसं दिसलं की लायब्ररीला दोष देण्याआधी ओळीची लांबी तपासा.

पुढच्याला वाट

विंडोजची सॉफ्टवेअरं दुसऱ्या सिस्टीमवर चालवणारं वाइन का नको? लिनक्सवर डायरेक्टथ्रीडी ९ चं व्हल्कनमध्ये रूपांतर डीएक्सव्हीके करतंच. काहीही न लिहिता काम झालं.

जुनाखिळा

लिनक्सवर तात्पुरती सोय म्हणून वाइन उत्तम आहे, आणि सरळरेघ यांनी आजच त्यात चालवून बघावं. काय चालतं आणि काय नाही ते फुकटात कळेल. पण विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरकडून मॅकवाल्याची अपेक्षा वेगळी असते. मेनू पडद्याच्या वरच्या पट्टीत हवा, कमांड की चालायला हवी, फाइलची चौकट त्याच्या ओळखीची हवी. शिवाय छपाईत काही बिघडलं तर दोष वाइनचा, तुमचा की प्रिंटरच्या ड्रायव्हरचा हे शोधत बसावं लागेल. तुमच्या अटींत छपाई पहिली आहे.

तिसरीमिती

त्रिमित खिडकीबद्दल लिहिते, कारण रोजचं काम तेच आहे.

ओपनजीएलचा पहिला मसुदा १९९२ चा. लिनक्सवर ते आजही ठणठणीत आहे. मॅकवर मात्र ॲपलने २०१८ मध्ये, मोजावे आवृत्तीत, त्याला कालबाह्य ठरवलं. ते अजून चालतं, पण ४.१ च्या पुढे कधी गेलंच नाही. त्यातही एक मेख आहे. मॅकवर तुम्हाला एकतर जुनं २.१ मिळतं किंवा ३.२ पासूनचं कोअर प्रोफाइल. मधलं नाही. म्हणजे 'ग्लबिगिन'च्या जुन्या पद्धतीचा कोड आणि नवे शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) एकाच संदर्भात चालवायची जी मुभा विंडोज आणि लिनक्सच्या ड्रायव्हरांत मिळते, ती मॅकवर मिळत नाही. इंटरनेटवरच्या निम्म्या उदाहरणांतला कोड तिथे काळा पडदा दाखवतो.

व्हल्कन २०१६ मध्ये आलं. ॲपल ते देत नाही. मोल्टनव्हीके नावाचा थर व्हल्कनच्या हाका ॲपलच्या स्वतःच्या मेटलमध्ये बदलतो आणि तो भरवशाचा आहे. पण तुमच्या टीममधल्या तिसऱ्या मताला माझा ठाम विरोध आहे. व्हल्कनमध्ये पहिला त्रिकोण दिसायलाच शेकडो ओळी लागतात. स्मृती कुठून घ्यायची, कोणतं काम कधी संपलं याची वाट कशी बघायची, खिडकीचा आकार बदलला की स्वॅपचेन (पडद्यावर आळीपाळीने जाणाऱ्या चित्रांची रांग) नव्याने कशी बांधायची, हे सगळं तुम्हीच लिहायचं. ज्या सॉफ्टवेअरला एका सेकंदात हजारो वेगवेगळ्या वस्तू काढायच्या आहेत त्याला या मेहनतीचं फळ मिळतं. फिरवून बघायच्या एका डोंगराला मिळत नाही.

मधला रस्ता म्हणजे एकच कोड लिहून खाली जे असेल ते वापरणारे थर. एसडीएल ३ मध्ये असा जीपीयू थर आला आहे, खाली व्हल्कन, डायरेक्टथ्रीडी १२ किंवा मेटल. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०२५ च्या जानेवारीत आली. बीजीएफएक्स त्याहून जुनं आणि मुरलेलं. रस्टवाल्यांकडे डब्ल्यूजीपीयू. क्यूटी घेणार असाल तर त्यातच क्यूआरएचआय आहे आणि ६.७ पासून त्याचं विजेट मिळतं, ते साध्या खिडकीत इतर विजेटांसारखं बसतं. खाली डायरेक्टथ्रीडी ११, १२, मेटल, व्हल्कन, ओपनजीएल यांपैकी काहीही. एक सांगायला हवं, क्यूआरएचआयच्या सुसंगततेची हमी क्यूटीच्या बाकी भागांइतकी पक्की नाही. आवृत्ती बदलताना थोडा कोड बदलावा लागू शकतो. तुमच्यासारख्या एका खिडकीला ते सोसण्यासारखं आहे.

डायरेक्टथ्रीडी ९ सोडताना तीन गोष्टी आधी तपासा. शेडर वापरलेत की जुनी ठरावीक पाइपलाइन? ठरावीक असेल तर प्रकाशाचं गणित शेडरमध्ये स्वतः लिहावं लागेल, पण एका डोंगराला ते पानभरही होत नाही. खोलीचा पल्ला डायरेक्टथ्रीडी, मेटल आणि व्हल्कनमध्ये ० ते १ असतो, ओपनजीएलमध्ये -१ ते १. प्रक्षेपणाचा मॅट्रिक्स तसाच नेला तर चित्र दिसतं, पण खोलीचा निम्मा पल्ला वाया जातो आणि दूरचे उतार एकमेकांत लुकलुकतात. आणि डायरेक्टथ्रीडी ९ मध्ये पिक्सेलचा मध्य पूर्णांकावर असतो, म्हणून जुन्या कोडमध्ये कुठेतरी अर्धा पिक्सेल वजा केलेला सापडेल. १० व्या आवृत्तीपासून ती भानगड संपली. तो वजा केलेला अर्धा शोधून काढून टाका.

जाड रेषा डोंगरावर काढत असाल तर त्या पट्ट्या करूनच काढा. मेटलमध्ये रेषेची जाडी ही सेटिंगच नाही.

अनुस्वार

मजकुराबद्दल अजून कोणी नीट बोललेलं नाही आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते.

विंडोज २००० पासून 'टेक्स्टआउट'ला युनिकोड मराठी दिलं की ते बरोबर उमटतं, कारण आत युनिस्क्राइब जोडाक्षरं जुळवून देतं. त्यामुळे ही सेवा कोणीतरी पुरवतंय याची जाणीवच राहत नाही. दुसरीकडे गेलं की कळतं. फ्रीटाइप फक्त फाँटच्या फाइलमधून एकेक आकृती काढून देतं. कोणती आकृती, कोणत्या क्रमाने, कुठे ठेवायची, ते त्याचं काम नाही. 'विहीर' लिहिताना स्मृतीत 'व' आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर असते, कागदावर वेलांटी आधी यायला हवी. 'पूर्व' मधला 'र' आधी साठवलेला असतो आणि उमटतो 'व'च्या डोक्यावर. हे फिरवाफिरवीचं काम हार्फबझ करतं. ते जोडलेलं नसेल तर नकाशावर मोकळे हलंत आणि उलट्या वेलांट्या दिसतील, आणि तो नकाशा कोणी हातात घेणार नाही.

म्हणून प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारा : हार्फबझ कुठे आहे? क्यूटीत ते आतच आहे, तुम्हाला काही करावं लागत नाही. मजकूर मांडणाऱ्या पँगो लायब्ररीतही आहे, म्हणून कैरो घेतलं तर मजकूर पँगोकडूनच काढायचा. कैरोचं स्वतःचं मजकुराचं सोपं फंक्शन आहे, त्याला खुद्द कैरोवालेच 'खेळण्यातलं' म्हणतात. ते देवनागरीला हात लावत नाही. स्कियाच्या गाभ्यात जुळणी नाही, तिचं मॉड्यूल वेगळं घ्यावं लागतं. एसडीएलच्या टीटीएफ जोडलायब्ररीत हार्फबझसह बांधणी केली असेल तरच. वितरणात आलेली प्रत कशी बांधली आहे ते तपासा.

आणखी एक गोष्ट, ही नकाशावाल्यांना फार जवळची. 'दऱ्या' हा शब्द जुन्या डेटामध्ये दोन प्रकारे साठवलेला असतो. एकात नुक्ता असलेला 'र', दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि मागोमाग न दिसणारा जोडक. फाइल वाचताना कोणी 'न दिसणारी अक्षरं' साफ करणारं फंक्शन लावलं की दुसऱ्या प्रकारातला जोडक उडतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा 'दर्या' होतो. मोजणीच्या फायली वाचणाऱ्या कोडमध्ये असं काही आहे का ते बघाच.

फाँटचं म्हणाल तर सॉफ्टवेअरबरोबर स्वतःचा द्या. मंगल हा विंडोजचा फाँट आहे, तो उचलून दुसऱ्या सिस्टीमच्या पॅकेजमध्ये घालता येत नाही. नोटो सान्स देवनागरी खुल्या परवान्याचा आहे. तिन्ही सिस्टीमवर एकच फाँट असला की नावांच्या रुंदीत फार फरक पडत नाही आणि विंडोजवर मोकळी बसलेली नावं लिनक्सवर रेषांवर चढत नाहीत. विंडोजच्या 'क्रिएटफाँट'ला दिलेली उंची मात्र तपासून घ्या : ऋण आकडा असेल तर ती अक्षराची उंची, धन असेल तर वरखालच्या मोकळ्या जागेसह पूर्ण कप्प्याची. धन आकडा तसाच नेलात तर सगळी नावं मोठी होतील.

स्कियाप्रेमी

अनुस्वार यांच्याशी सहमत, तरी स्कियाची बाजू मांडतो. रेखाटन ग्राफिक्स कार्डावर होतं, पीडीएफ तिच्यातूनच निघतं, परवाना बीएसडी. लाखो रेषांचा नकाशा सरकवताना क्यूटीचा पेंटर प्रोसेसरवर घाम गाळतो, स्किया नाही. क्रोम आणि अँड्रॉइड तिच्यावर चालतात, याहून मोठी चाचणी कुठली?

खटपट्या

वेगाबद्दल मान्य. पण स्कियाच्या आवृत्त्या क्रोमच्या चालीने येतात आणि फंक्शनं बदलत राहतात. बांधणी जीएन आणि निंजा या साधनांनी, नेहमीचं सीमेक नाही. ज्या टीमकडे हे सांभाळायला कायमचा माणूस आहे तिने जरूर घ्यावी. शिवाय खिडक्या-मेनूंचा प्रश्न तिथेही उरतोच. आणि नकाशा सरकवताना सगळ्या रेषा दर वेळी नव्याने काढायचीही गरज नाही. तयार चित्र सरकवा, हात थांबला की बारीक रेखाटन करा.

सरळरेघ, परवान्याचं लिहितो. क्यूटीचे मुख्य भाग एलजीपीएल ३ खाली मिळतात. वेगळ्या लायब्ररी फायली म्हणून जोडलंत, त्या बदलायची मुभा वापरणाऱ्याला ठेवलीत आणि परवान्याचा मजकूर सोबत दिलात तर तुमचा सोर्स बंद राहू शकतो. पण काही भाग, उदाहरणार्थ क्यूटी चार्ट्‌स, खुल्या बाजूने फक्त जीपीएलमध्ये आहेत, म्हणजे ते घेतले तर तुमचा सोर्स बंद ठेवता येत नाही. प्रत्येक भागाचा परवाना वेगळा वाचा. एसडीएल २ पासून झेडलिब परवान्यात आहे, तिथे काळजीच नाही. डब्ल्यूएक्सविजेट्स एलजीपीएलसारखं आहे पण सवलतीसह, एकाच फाइलमध्ये जोडलं तरी चालतं. तेही तुमच्या यादीत असायला हवं होतं, १९९२ पासून आहे आणि विन३२ वाल्याला त्याची रचना ओळखीची वाटते.

लिनक्सवर वेलँड गृहीत धरून चला. तिथे खिडकीला पडद्यावरची आपली जागा कळत नाही आणि ठरवताही येत नाही. मोकळ्या तरंगत्या टूलबारांच्या जागा लक्षात ठेवत असाल तर त्या मुख्य खिडकीच्या आत आणा.

सरळरेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. अनुस्वार, फायली वाचणाऱ्या कोडमध्ये ते साफ करणारं फंक्शन खरंच सापडलं. नकाशावर नावं कुठे बिघडत होती ते आता कळतंय.

सध्या असं ठरतंय : आधी विंडोजवर फलक, आत जीडीआय. तो पूर्ण झाला की आतून क्यूटी, कारण छपाई, पीडीएफ आणि मराठी तिन्ही एका जागी मिळतात. जीडीआयचे मॅपिंग मोड आम्ही भरपूर वापरलेत, त्याला क्यूटीत 'सेटविंडो' आणि 'सेटव्ह्यूपोर्ट' जवळचे दिसतात. त्रिमित खिडकी सर्वांत शेवटी, क्यूआरएचआयने. व्हल्कनवाल्या सहकाऱ्याला तिसरीमिती यांचा प्रतिसाद वाचायला दिला, त्याला पटलंय. एकच शंका उरली : जीडीआयचा नकाशा आणि क्यूटीचा नकाशा सारखाच आहे हे तपासायचं कसं? डोळ्यांनी बघून भागणार नाही.

जुनाखिळा

पडद्याचे फोटो ताडून बघू नका. जुन्या सॉफ्टवेअरमधून ठरावीक नकाशे ठरावीक आकाराच्या स्मृतीतल्या चित्रावर काढा आणि पीएनजी म्हणून साठवा. मजकूर बंद ठेवून एक संच आणि मजकुरासकट दुसरा. क्यूटीतही तेच 'क्यूइमेज'वर काढा. रेषांचा संच कडा मऊ न करता ताडा, तिथे पिक्सेल न पिक्सेल जुळण्याच्या जवळ जाता येतं आणि लाइनटूच्या शेवटच्या पिक्सेलसारखे घोळ लगेच उघडे पडतात. मजकुराच्या संचात पिक्सेल जुळणार नाहीत, प्रत्येक सिस्टीम अक्षरांच्या कडा वेगळ्या घोटते. तिथे चित्र सोडा आणि प्रत्येक नावाची चौकट, म्हणजे कुठे सुरू होऊन कुठे संपतं ते आकडे ताडा. फरक एक-दोन पिक्सेलांपेक्षा जास्त आला की बहुधा फाँटच्या उंचीचं चिन्ह चुकलेलं असतं.

तिसरीमिती

त्या संचात एक रिकामा नकाशा आणि एकच बिंदू असलेला नकाशाही ठेवा. डोंगराच्या खिडकीचीही सुरुवात तिथूनच करा, शून्य त्रिकोण दिल्यावर काही ड्रायव्हर वेगळे वागतात.